झूल की नाल? जुन्या एस्टीमवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गाडीवाले बाब,

तुम्ही खाली ‘जुना गाडीवाला, म्हापसा’ एवढीच सही केली आहे, म्हणून हाक तशीच मारतोय. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर गॅरेजच्या बिलांची पिशवी काढली आणि हिशेब मांडून बसलो. म्हणजे तुमचं लिहिणं अगदीच वाया गेलेलं नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझी २००४ ची मारुती एस्टीम, १ लाख ८७ हजार किलोमीटर झालेली, गेल्या वर्षभरात ४१,६०० रुपये घालून थोडी तरतरीत केली, त्यावर मी लिहिलं होतं. त्यावर या गृहस्थांचं म्हणणं असं: शीर्षकात ‘परफॉर्मन्स’ आणि आत नुसती सर्व्हिसिंगची यादी. एवढ्या पैशांत कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर), फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धुराचा मोठा, मोकळा पाइप) आणि १५ इंची अलॉय चाकं आली असती, त्यांच्या भाच्याच्या गाडीला ते लावलेत आणि ती ‘वेगळीच गाडी’ झाली आहे. जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० ऑइल घालावं हे मला ठाऊक नाही. ‘फरक जाणवला’ असं मी सहा वेळा लिहिलं आणि एकदाही आकडा दिला नाही. आणि शेवटी, “म्हाताऱ्या बैलाला नवी झूल घातली म्हणून तो शर्यत जिंकत नाही, विकून मोकळे व्हा.”

सगळ्यात आधी ते आकड्यांचं, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. सहा नव्हे, मोजले तर आठ वेळा लिहिलंय. आकडे माझ्याकडे होते. वहीत होते. लेख रुक्ष होईल म्हणून गाळले, ही माझी चूक. आता घ्या.

आमच्या घरापासून जवळ एक सपाट, सरळ आणि सकाळी रिकामा असलेला पट्टा आहे. नाव सांगत नाही, उगाच तिथे गर्दी नको. तिसरा गियर, ४० पासून ७० पर्यंत, एसी बंद, टाकी अर्धी, गाडीत मी आणि शेजारी फोनवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ घेणारा माझा मुलगा. जाताना तीनदा, येताना तीनदा, मग सरासरी. काही करायच्या आधी ८.६ सेकंद. टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट केल्यावर ७.९. थर्मोस्टॅट आणि ऑक्सिजन सेन्सर बसवल्यावर ७.१. फोनच्या व्हिडिओत एखाद्या दशांशाची चूक होतेच, पण दीड सेकंदाची होत नाही.

आता हे ०.७ सेकंद टॅपेटमध्ये कसे सापडले ते सांगतो, कारण सगळ्या लेखात मला सांगायचं होतं ते हेच आणि तेच मी दोन ओळींत उरकलं होतं. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, पेट्रोल बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मेस्त्रीने कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, तपासलं. १६८, १७२, १४१, १७०. तिसरा सिलिंडर रडतोय हे उघड झालं. आमच्याकडे अशा वेळी सरळ ‘रिंगा गेल्या, इंजिन खोला’ असं सांगतात. या मेस्त्रीने तसं केलं नाही. चमचाभर ऑइल त्या सिलिंडरात सोडलं आणि पुन्हा गेज लावला: १४४. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चांगलाच वर चढला असता. तो जवळपास हललाच नाही, म्हणजे हवा वरून, व्हॉल्व्हमधून निसटतेय. इंजिन गार झाल्यावर टॅपेटचं कव्हर काढलं तर तिसऱ्याच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट उरलीच नव्हती. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये थोडाथोडा रुततो, तशी वरची फट कमी होत जाते, आणि एक दिवस व्हॉल्व्ह नीट बंद व्हायचाच थांबतो. आणखी चार-सहा महिने तसाच चालवला असता तर तो जळला असता. या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात टॅपेटला स्क्रू आहेत, त्यामुळे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि स्पॅनर एवढ्यावर काम झालं. आठवड्याने पुन्हा मोजलं तेव्हा तिसरा १६३ वर आला होता.

बाब, या अवस्थेत मी तुमचा फ्री-फ्लो लावला असता तर काय झालं असतं? तीन सिलिंडरांनी जास्त आवाज केला असता. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह जळाला असता आणि त्या आवाजात मला ते कळलंही नसतं.

थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची, गोष्ट तर आणखी मजेशीर. मेस्त्रीने हाउसिंग उघडलं, आत बोट घातलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “थर्मोस्टॅट खंय आसा?” कुठेच नव्हता. कधीतरी, कुणीतरी, बहुधा घाटात गाडी तापली म्हणून तो काढून फेकला होता. आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात, आणि गाडी तापायची थांबते हेही खरं. पण मग इंजिन पुरतं गरम होतच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं सकाळ आहे, इंजिन थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. पिकअप मंद, ॲव्हरेज कमी, प्लग काळे, आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये. माझी गाडी किती वर्षं अशी कायम पहाटेत चालली कोण जाणे. खरं दुखणं रेडिएटरचं होतं. तो साफ करून घेतला, नवा थर्मोस्टॅट बसवला, आणि मे महिन्यात एसी लावून अनमोड घाट चढलो तरी काटा मध्यावरून हलला नाही.

तर ‘हे सगळं मेंटेनन्स आहे, अपग्रेड नव्हे’ हा तुमचा आरोप. टॅपेट, थर्मोस्टॅट, सेन्सर यांच्यापुरता मान्य. लेखाचं शीर्षक मी ‘हरवलेले घोडे शोधताना’ असं काहीतरी द्यायला हवं होतं. कंपनीने ही गाडी ८५ अश्वशक्तीची म्हणून विकली. वीस वर्षांनी माझ्याकडे त्यातले किती उरले होते हे मोजायला डायनो (अश्वशक्ती मोजायचं यंत्र) नाही, पण ८.६ वरून ७.१ म्हणजे बरेच घोडे गोठ्यातच बांधलेले होते. सुट्या भागांच्या दुकानात जाऊन पाच नवे घोडे विकत घेण्याआधी ते सोडवणं स्वस्त पडलं: या तिन्ही कामांचं बिल ६,५०० रुपये.

पण बाकीचं नुसतं मेंटेनन्स नव्हे, हेही मी सोडणार नाही. तुमच्या बैलाकडेच येतो. झूल पाठीवर असते, लोकांना दिसते. नाल पायाखाली असतो, तो बैलालाच कळतो. मी नाल ठोकले. १५,२०० रुपये टायरांना, ११,००० पुढच्या शॉकअप आणि बुशांना, ७,४०० ब्रेकना. गाडी मंद असूनही मला फोंडा ते पणजी पोचायला उशीर कधी झाला नाही. उशीर होतो तो बाणस्तारीच्या आसपास ट्रॅफिकमुळे. मात्र भोमच्या वळणावर जुलैच्या पावसात समोर अचानक गाय उभी राहिली तेव्हा जुने टायर घसरत गेले, ते मी अजून विसरलेलो नाही. त्या टायरांवर नक्षी भरपूर होती. बाजूला चार आकडी तारीख असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ती पाहिली तर टायर नऊ वर्षांचे निघाले. रबर दगड झालं होतं. आधी तारीख बघायला हवी होती, गाय नंतर.

ब्रेकचं सांगतो, कारण त्यात खरोखर एक पायरी वर गेलोय. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा पितं. आपल्या गोव्यात तर वर्षातले चार महिने हवा म्हणजे पाणीच. डॉट ३ प्रतीच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत खाली येतो. अनमोडहून मोलेला उतरताना सतत पाय ब्रेकवर ठेवणाऱ्याचं फ्लुइड तिथवर तापू शकतं. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. डॉट ४ मध्ये तेच आकडे २३० आणि १५५ आहेत. फरक बाटलीमागे शे-दीडशे रुपयांचा. इथे माझी एक चूक कबूल करतो, जी तुम्हीही पकडली नाहीत: मी ‘डॉट ४ घाला’ एवढंच लिहिलं. जुने फुगलेले रबरी होज तसेच ठेवून नुसतं फ्लुइड बदललं तर अर्धा फायदा होजच खातात. होज आधी बदला. आणि डॉट ४ घातलं म्हणून दुसऱ्या गियरमध्ये उतरायचं सोडू नका.

आता कोन फिल्टर. तुमच्या भाच्यावर विश्वास आहे माझा. मीही तरुणपणी एका गाडीला लावला होता आणि शपथेवर सांगितलं असतं की गाडी उडतेय. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, तो मोठा गोड भ्रम असतो. या वेळी मित्राचा उसना आणून त्याच पट्ट्यावर त्याच पद्धतीने मोजला: ७.२. म्हणजे काहीच नाही. मग एसीवाल्याकडचा थर्मामीटर घेऊन फोंड्याच्या बसस्टँडपाशी संध्याकाळच्या गर्दीत पाहिलं. बाहेर ३१ अंश, कंपनीच्या फिल्टरच्या नळीच्या तोंडाशी ३७, आणि बॉनेटखाली उघड्या बसवलेल्या कोनाच्या तोंडाशी ५४. हवा तापली की विरळ होते, दर १० अंशांना साधारण तीन टक्के. ३७ आणि ५४ मध्ये पाच टक्के हवा गेली. ८५ मधले चार घोडे फिल्टर लावून घालवले, वर त्याचे पैसे दिले. मोकळ्या रस्त्यावर हा फरक कमी होतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण कंपनीची नळी मुळातच बाहेरची गार हवा ओढायला समोर काढलेली असते, ती काढून इंजिनाला भट्टीशेजारी श्वास घ्यायला लावणं मला पटत नाही. दुसरी गोष्ट धूळ. तुमच्या म्हापशात ठीक असेल, पण मी आठवड्यातून दोनदा उसगाव-धारबांदोड्याच्या बाजूला जातो. खनिजाच्या ट्रकांमागची ती तांबडी धूळ ज्याने नाकात घेतली आहे, तो कागदाचा फिल्टर सोडून जाळीदार कापडाचा लावायला धजणार नाही.

एक्झॉस्टचं गणित वेगळं आहे आणि त्यात पेट्रोलचा प्रश्न गुंतलाय. टर्बो नसलेल्या अशा लहान इंजिनात मोठ्या पाइपचा जो काही फायदा होतो तो वरच्या आरपीएमला. एस्टीमची ८५ अश्वशक्ती ६,००० आरपीएमवर मिळते. फर्मागुडीचा चढ चढताना मी ३,५०० च्या वर क्वचित जातो. पाइप गरजेपेक्षा मोठा झाला तर खालची ओढ उलट कमीच होते, आणि आपलं सगळं जगणं खालच्या ओढीवर आहे. त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला दर किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडायला हवं. संथ चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की जुना ईसीयू सेन्सरकडे न बघता २००४ मध्ये पाठ केलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो, आणि मिश्रण गरजेपेक्षा कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) जातं. त्याच क्षणी एक्झॉस्ट मोकळा करून आणखी हवा ओढायला लावायची आणि तक्ता तसाच ठेवायचा? तेही नुकत्याच वाचवलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जिवावर? ‘मग रिमॅप करा’, म्हणजे तो तक्ताच बदला, म्हणाल. त्या जमान्यातल्या ईसीयूला लॅपटॉप जोडून रिमॅप करणं सोपं नसतं, पिगीबॅक बॉक्स (ईसीयूला जोडायचा जादा बॉक्स) लावावा लागतो, आणि तो ट्यून करणारा माणूस बॉक्सपेक्षा महाग पडतो. ई२० साठी मी केलं ते एवढंच की इंजिनजवळचे वीस वर्षांचे रबरी फ्युएल होज इथेनॉल सोसणारे घातले आणि फ्युएल फिल्टर बदलला. तो खर्च वरच्या हिशेबात नाही, लेखानंतर केला.

कायद्याचंही ओझरतं सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच उचलून धरलं, आणि मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. भाच्याला सांगा. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले कागद बघतात.

१५ इंची अलॉयवर फार बोलत नाही. माझे टायर १७५/७० आर१३, उंची ५७५ मिलिमीटर. १९५/५० आर१५ ची उंची ५७६, म्हणजे बसतात, स्पीडोमीटरही चुकत नाही. पण टायरची भिंत १२२ मिलिमीटरवरून ९७ वर येते. पावसाळ्यानंतरचे आपले खड्डे बघितलेत ना? १४ इंचाला १८५/६० घेतले तर उंची ५७८ आणि भिंत १११, तो मधला मार्ग मला कधीकाळी आवडेल. पैसे साठले की.

ऑइलच्या बाबतीत तुम्ही अर्धे बरोबर. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं त्याचा. गोव्यात बर्फ पडत नाही, तेव्हा ‘२०डब्ल्यू’ने काही बिघडत नाही. पण ‘५०’ कशासाठी? माझी गाडी हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल खाते. ते कुठून जातं हे आधी बघा: घाट उतरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हचे सील, जोर लावताना सतत निघाला तर रिंगा. माझा पहिला प्रकार. दाट ऑइलने सील दुरुस्त होत नाहीत, आवाज तेवढा दबतो. मी १५डब्ल्यू-४० वर आहे आणि दर रविवारी डिपस्टिक बघतो. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे.

हेडलाइटच्या रिलेला तुम्ही ‘हासुद्धा परफॉर्मन्स का?’ म्हणून हसलात. हसा. जुन्या वायरिंगमध्ये, जुन्या स्विचमधून बल्बपर्यंत पोचताना व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. १,५०० रुपयांच्या रिलेने बॅटरीतून थेट वीज दिली, बल्ब तेच ६०/५५ वॉटचे. बोरीच्या पुलापलीकडे रात्री पावसात ताशी ६० ने जाता येतं की ४५ ने, हे इंजिनापेक्षा डोळे ठरवतात. लोक १०० वॉटचे बल्ब घालून रिफ्लेक्टर जाळतात, समोरच्याचे डोळे जाळतात, ते वेगळं.

राहिलं ‘विकून मोकळे व्हा’. विचारून आलो होतो. जुन्या गाड्यांच्या एका दलालाने ५५ हजार सांगितले, तेही तोंड वाकडं करून. २०२४ मध्ये पाच हजार भरून नोंदणी पुढची पाच वर्षं वाढवून घेतली आहे. वीस वर्षांवरच्या गाडीला ही फी २०२५ मध्ये दहा हजार झाली, तो विचार २०२९ ला करू. ५५ हजारांत मला दुसऱ्या कुणाचे प्रश्न विकत मिळतील. माझ्या गाडीचे मला पाठ आहेत.

एक मात्र तुम्ही विचारायला हवं होतं आणि विचारलं नाहीत: गंज. जुन्या गोवेकर गाडीची खरी मर्यादा इंजिन नव्हे, पत्रा. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. शॉकअप बदलताना डाव्या बाजूला, वरचं टोक जिथे बॉडीला बसतं तिथे, मेस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर टोचला आणि पापुद्रा निघाला. आरपार नव्हे, पण निघाला. म्हणून मी कडक स्प्रिंगांचा विचार सोडला. कडक स्प्रिंग खड्ड्याचा सगळा धक्का त्याच पत्र्याला देते. आणि खरं सांगायचं तर हा पत्रा टायरांचे पंधरा हजार खर्च करण्याआधी बघायला हवा होता. कॉम्प्रेशनही तसंच, टायरांनंतर तपासलं. इंजिन खरंच गेलेलं असतं तर नवे कोरे टायर भंगारवाल्याला फुकट दिले असते. क्रम चुकला होता, नशीब चांगलं होतं. कुणी माझ्यामागून जाणार असेल तर आधी खाली झोपून पत्रा बघा, मग कॉम्प्रेशन, मग टायर आणि ब्रेक, आणि पैसे उरले तर मग फिल्टरवाल्याच्या दुकानात जा.

वेल्डिंग अजून व्हायचं आहे. मेस्त्री चवथीनंतर ये म्हणालाय, म्हणजे दिवाळी समजा.

आणि भाच्याला घेऊन एका रविवारी सकाळी साडेसहाला फोंड्याला या. तो पट्टा तुम्हाला दाखवतो. त्याचा कोन आणि कंपनीचा फिल्टर, दोन्ही आणायला सांगा. तिसरा गियर, ४० ते ७०, जाताना तीनदा, येताना तीनदा. टाकी अर्धी ठेवा. व्हिडिओ माझा मुलगा घेईल, चहा-पावभाजी माझ्याकडून. कोनाने आधीपेक्षा तीन दशांश जरी कमी दाखवले, तरी ‘जुना गाडीवाला बरोबर होता’ असं इथेच वर मोठ्या अक्षरात लिहीन.